ताप्लेलेईचा तुंबा

आमच्या आणि ताप्लेलेईच्या घरामध्ये सेनेत्वेतचं कुंपण आहे. ते कुणी लावलेलं नाही. जमीन उकरली, गोठा हलवला, जुनं घर पाडलं की हे झुडूप तिथे आपसूक उगवतं, आणि बघता बघता माणसाच्या डोक्यावर जातं. गाई त्याला तोंड लावत नाहीत, शेळ्यासुद्धा हुंगून पुढे जातात. पानं काडीच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीनं, संध्याकाळ झाली की मिटणारी. पिवळ्या फुलांचे तुरे ताठ उभे, आणि तुऱ्याच्या शेंड्याला न उमललेल्या कळ्यांचं काळपट टोपडं. पान चुरगाळलं की भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येतो. माझ्या नवऱ्याच्या मते उंदराचा येतो, पण त्याला कशाचाच वास धड येत नाही.

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे या झुडपाबद्दल मला सगळं ठाऊक आहे असं आमच्या कापतोरोय गावात समजतात. असेलही. पण कुंपणापलीकडे राहणारं माणूस मला अजून नीट कळलेलं नाही, आणि आता या वयात ते कळेल असंही वाटत नाही.

ताप्लेलेई विधवा. तिला एकच मुलगी, ती लग्न होऊन दूर गेलेली. मुलगा नाही म्हटल्यावर नवऱ्यामागे जमीन दिराकडे जाणार, हे उघड होतं. दीर म्हणजे अराप मेत्तो. टेकडीच्या खालच्या अंगाला त्याचं घर, आणि भाऊ गेल्यापासून त्याची नजर वरच्या चहाच्या मळ्यावर. पण आम्हा नंदी जमातीच्या लोकांत यावर एक जुनी वाट आहे. मुलगा नसलेली बाई गाई देऊन रीतसर मुलगी मागते, तिच्याशी लग्न लावते आणि त्या घराचा नवरा होते. त्या मुलीची मुलं या घराची, या जमिनीची. ती कुणापासून झाली हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही.

ताप्लेलेईनं तेच केलं. लग्न लागलं त्या दिवसापासून ती पुरुष. चूल बंद, पाणी बंद, लाकूडफाटा बंद. गाई, कुंपणाची डागडुजी आणि झाडाखालची पुरुषांची बैठक सुरू. पहिल्या रविवारी चर्चमध्ये ती बायकांच्या बाकावर बसायला गेली, तर बायकाच म्हणाल्या, "तुम्ही तिकडे." पुरुषांच्या बाकाकडे गेली, तर म्हातारे सरकायलाच तयार नाहीत. पाद्री पुस्तकात डोकं खुपसून उभा. शेवटी ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि आजतागायत तिथेच बसते. गावातली पोरं तिला आजी म्हणावं की आजोबा, यावरून भांडायची. ती दोन्हीला ओ द्यायची.

पाणी आणि लाकडं सुटल्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. घोडं अडलं ते मुर्सिकवर.

मुर्सिक म्हणजे तुंब्यातलं दूध. सेनेत्वेतची वाळलेली काडी पेटवायची, तिचा निखारा वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात घालायचा आणि काडीच्या टोकानं आतून सगळीकडे घासायचा, की तुंब्याला काळा मऊ लेप बसतो. मग तापवून निववलेलं दूध ओतायचं, झाकण लावायचं आणि ते आपलं आपण आंबू द्यायचं. सगळ्याच घरी करतात, पण ताप्लेलेईच्या हातचं वेगळं. निळसर, दाट, घोट घेतला की धुराचा वास आधी येणार आणि आंबटपणा मागून. शर्यत जिंकून आलेला धावपटू असो की मुलगी मागायला आलेले पाहुणे, लोक तिच्याकडून तुंबा मागून न्यायचे. हे काम बाईचं. नवऱ्यानं तुंब्याला हात लावायचा नाही, लावला तर तो नवरा कसला?

तिची बायको त्रुफेना. दरीपलीकडची, उंच, मोजकं बोलणारी. तिच्या माहेरी रानऑलिव्हच्या लाकडानं तुंबा घासतात, सेनेत्वेत तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा ती चहाच्या कारखान्याच्या रस्त्यावरून फांद्या तोडून घेऊन आली. तिथे शोभेची, परदेशातून आणलेली, पिवळ्याच फुलांची झाडं लावली आहेत. दूध झालं कडूजहर. ताप्लेलेईनं एक घोट घेतला, गिळला, आणि नवऱ्यानं म्हणायचं तेच म्हणाली, "छान झालंय." मग कुंपणाशी येऊन मला हाक मारली.

"पोरी, तुझ्या शाळेत झाडंझुडपं शिकवतात ना?"

"शिकवतात की."

"मग माझ्या बायकोला हे एवढं शिकव. मी शिकवलं तर बायकी काम होतं. तू शिकवलंस तर शाळा होते."

आता यावर काय बोलणार? मी त्रुफेनाला कुंपणाशी उभं केलं आणि नववीच्या वर्गाला सांगावं तसं सांगायला लागले. घेवडा-वाटाण्याच्या कुळातलंच हे, शेंग बघ, चपटी, आत बियांचे कप्पे. रस्त्यावरच्या झाडाचे घोस खाली लोंबतात, याचा तुरा मेणबत्तीसारखा उभा. त्याच्या पानाला वास नाही, हे चुरगाळून बघ. मग मला चेव आला आणि मी फूल उघडून दाखवलं.

"हे मधलं वाकडं बोट दिसतंय ना? यावर पराग पडला की शेंग धरते. या फुलात ते उजवीकडे वळलंय. आता हे शेजारचं बघ."

"डावीकडे," त्रुफेना म्हणाली.

"एकाच तुऱ्यावर दोन्ही. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि अंग थरथरवत गुणगुणतो. त्या थरथरीनं पराग झडतो. काही त्याच्या पोटात जातो, काही अंगाच्या एका बाजूला चिकटतो. डाव्या फुलातला चिकटलेला पराग उजव्या फुलाच्या बोटाला लागतो, उजव्यातला डाव्याला."

त्रुफेनानं दोन्ही फुलं शेजारीशेजारी धरली. "मग यातलं बाई कोण आणि पुरुष कोण?"

"प्रत्येक फूल दोन्ही असतं."

"मग डावं-उजवं कशाला?"

पुस्तकातलं उत्तर मी सांगायला लागले, पण तिचं लक्ष नव्हतं. ती कुंपणावरून ताप्लेलेईकडे पाहत होती. ताप्लेलेई पाय पसरून, टोपी घालून, गोठ्याच्या दाराशी तपकीर ओढत बसली होती.

"आमच्या घरासारखंच आहे म्हणजे," त्रुफेना म्हणाली आणि खुदकन हसली.

झुडूप ओळखता आलं म्हणून मुर्सिक जमत नाही. कुठली काडी तोडायची, किती वाळवायची, निखारा कधी आत घालायचा, हे मला तरी कुठे येत होतं? तेव्हा जे व्हायचं तेच झालं. दुपारी बाया मळ्यावर आणि पुरुष बैठकीला गेले की ताप्लेलेई मक्याच्या कोठारात शिरायची. त्रुफेना दारात बाळ घेऊन बसायची. एव्हाना तिला मुलगा झाला होता, आणि तो ताप्लेलेईकडे बघून "बाबा" म्हणायला शिकत होता. आतून धुराचा वास आणि दबलेला आवाज यायचा: "आधी फुंकर मार. ज्योत पूर्ण मरू दे, नुसता लाल राहू दे. आणि एका जागी थांबायचं नाही. थांबलीस की तुंबा तडकलाच समज. फिरव, फिरव, पोरी!" कुंपणाच्या अलीकडे मला सगळं ऐकू यायचं. गावाला नाही यायचं, असं आम्हाला वाटायचं.

अराप मेत्तो रोज येता-जाता वर बघून हाक मारायचा, "काय वहिनी, बरं आहे ना?" लग्नानंतर सगळे दीर-भावजी तिला दादा म्हणायला लागले होते, हा एकटा मुद्दाम वहिनी म्हणायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एक दिवस त्यानं गावाच्या बैठकीत विषय काढलाच. ती घरात बायकी कामं करते, ती नवरा नाहीच, लग्न खोटं, पोर तिचं नाही, जमीन आमची. बैठकीचा मुख्य म्हातारा अराप तुवेई म्हणाला, "घरी येतो आम्ही. बघतो आणि ठरवतो."

त्या दिवसासाठी दूध त्रुफेनानं करायचं ठरलं, अगदी एकटीनं. बरंवाईट होईल ते होईल. तिनं केलंही. आदल्या दिवशी मी चाखलं. वाईट नव्हतं, पण पातळ होतं, धूर कमी. पाहुण्यांना चाललं असतं. मी तसं सांगितलं आणि माझ्या घरी आले.

इथेच माझी मती गुंग होते. ताप्लेलेईला पक्कं माहीत होतं की दूध फार चांगलं झालं तर गळ्याशी येईल. तिच्या हातची चव गाव तीस वर्षं ओळखतं. आणि तरीही, आपल्या घरातून पातळ मुर्सिक म्हाताऱ्यांच्या तोंडी जाणार हे तिला सोसवलं नाही. तिनं ते दूध वासरांना पाजलं आणि कोठारातला आधीच मुरलेला, आपल्या हातचा तुंबा पुढे ठेवला. जमिनीचं कारण असताना कुणी असं करतं? शहाणं माणूस करतं? मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "ते दूध बघवेना गं." बस्स, एवढंच.

म्हातारे आले, झाडाखाली गोल बसले. मलाही बोलावलं होतं, शेजारीण म्हणून. त्रुफेनानं लाकडी पेल्यांत दूध ओतलं. पहिला पेला अराप तुवेईचा, दुसरा अराप मेत्तोचा. मेत्तोनं घोट घेतला आणि डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं याला रडू येतंय. मग त्यानं पेला खाली ठेवला.

"हे माझ्या भावाच्या घरचं दूध," तो म्हणाला. "हा हात मी कुठेही ओळखेन. वहिनी, कशाला नाही म्हणता? तुम्हीच केलंय हे."

सगळ्यांच्या तोंडात तीच चव होती. एका म्हाताऱ्यानं तर पेला पुन्हा पुढे केला, मग लाजून मागे घेतला.

"मी केलंय," त्रुफेना म्हणाली.

"तू? तू दरीपलीकडची. तुला सेनेत्वेत आणि चहाच्या रस्त्यावरचं झाड यातलं अंतर तरी कळतं का?"

"कळतं," ती म्हणाली. "मॅडमनी शिकवलं."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. अराप तुवेईनं विचारलं, "काय गं, तू कुंपणापलीकडे राहतेस. काय पाहिलंस?"

"मी फुलं दाखवली तिला. डावी-उजवी," मी म्हणाले. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. जीवशास्त्राची बाजू अशी फारच लंगडी पडली.

"चव साक्ष देत नाही," अराप तुवेई शेवटी म्हणाला. "पोरी, तुंबा आण. आमच्यासमोर घास. वासानं कळेल आम्हाला."

"कुठलाही नको," मेत्तो घाईनं म्हणाला. "तो आणा. लांब मानेचा, मण्यांचा. वहिनींच्या आईचा." मग हळूच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणि घासताना आणखी कुणाचा हात मध्ये आला, तर निकाल लागला म्हणायचा."

लबाड माणूस, पण मूर्ख नव्हे. तो त्या घरात लहानाचा मोठा झाला होता. तो तुंबा ताप्लेलेईनं माहेरून आणला होता, कुणालाही धुवायलासुद्धा द्यायची नाही. तिच्यासमोर दुसरं कुणी त्याला हात लावेल आणि ती गप्प बसेल, हे त्याला खरंच वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. ताप्लेलेई पुरुषांच्या ओळीत बसली होती. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

त्रुफेनानं निखारे आणले, कुंपणावरून मागेच तोडून वाळवलेल्या काड्या आणल्या. एक काडी पेटवली. फुंकर मारली, ज्योत विझवली, लाल टोक तुंब्याच्या मानेतून आत सोडलं आणि घासायला लागली. मनगट असं फिरत होतं की मी चमकून ताप्लेलेईकडे पाहिलं, कारण ते मनगट तिचंच होतं. थोड्याच वेळात तो वास आला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. अराप तुवेई म्हणाला, "येतंय की हिला."

"येईलच," मेत्तो म्हणाला. "शिकवणारी बसलीय ना समोर. सगळं नीट चाललंय म्हणून वहिनी गप्प आहेत. जरा चुकू दे, मग बघा कशा उठतात."

त्रुफेनानं मान वर केली नाही. तिनं दुसरी काडी घेतली, पेटवली. मी बघत होते. तिनं फुंकर मारली नाही. टोकाला ज्योत जिवंत असतानाच तिनं काडी आत घातली आणि मनगट थांबलं. थांबलेलंच राहिलं. फिरव, फिरव, मी मनात म्हणत होते.

तुंबा तडकला. आवाज लहानसाच झाला, वाळकी शेंग फुटावी तसा. मानेपासून पोटापर्यंत भेग गेली आणि काळी धूळ तिच्या मांडीवर सांडली.

ताप्लेलेईचा एक हात मांडीखालून निघाला. सगळे त्या हाताकडे बघत होते. तो हात खिशात गेला, तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं. तिनं चिमूट ओढली, नाक पुसलं आणि मेत्तोकडे वळून विचारलं, "तुझी ती तांबडी गाय व्याली का रे?"

"व्याली," तो म्हणाला. "कालवड झाली."

"बरं झालं. पहिल्या धारेचं दूध सगळं काढून घेऊ नकोस, वासराला राहू दे."

अराप तुवेईला हसू आवरेना. "बाई असती तर एव्हाना झाडावर चढली असती," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा साधा पेला फुटला तर गाव गोळा होतं. मेत्तो, ऊठ. हा नवराच आहे. बायकोचं काम बायकोनं बिघडवलं, याला त्याचं काही नाही." मघाच्या त्या म्हाताऱ्यानं पेला पुन्हा पुढे केला, आणि या वेळी मागे घेतला नाही.

जाताना मेत्तो फाटकाशी थांबला. खाली मान घालून म्हणाला, "येतो, दादा."

"ये," ताप्लेलेई म्हणाली.

सगळे गेल्यावर ती गोठ्यात गेली आणि गाईच्या पाठीवर डोकं ठेवून उभी राहिली. मी जवळ गेले नाही. त्या वेळी तिच्याजवळ बाईनं जावं की पुरुषानं, तेही मला कळेना. माझा नवरा म्हणाला, "तू जेव मुकाट्यानं." मी जेवले.

दुसऱ्या दिवशी त्रुफेना कुंपणाशी फुलं बघत होती. भुंगे तुऱ्यांवर गुणगुणत होते. मी म्हणाले, "अगं, फुंकर मारायची राहिली तुझी. घाबरलीस का?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "राहिली नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"भावजींनी म्हटलं ना, चुकू दे, मग बघा. म्हटलं, आता चुकवूनच दाखवावं. आमचे हे उठणार नाहीत, एवढी खात्री होती." मग तिचे डोळे भरले. "खरं सांगू? नव्हती खात्री. त्यांच्या आईचा तुंबा होता हो. त्यांना नका सांगू. माझ्या हातून चुकला असंच वाटू दे त्यांना."

मी नाही सांगितलं. पण ताप्लेलेईनं त्या दिवसापासून नवीनच सूर धरला. तडकलेला तुंबा भिंतीवर टांगला, आणि रोज दुपारी, खालच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्रुफेनाला बोलायला लागली. निखारा धरता येत नाही, हात आहेत की लाकडं, कुठून ही बायको केली. पोर बिचारी ऐकून घ्यायची. माझ्यानं ऐकवेना. एकदा ताप्लेलेई कुंपणाची फांदी छाटायला आली तेव्हा मी भांडायलाच उभी राहिले.

"किती बोलाल तिला? एकदा चुकलं माणसाचं."

ताप्लेलेईनं एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं, नाकाशी धरलं. "तिचा हात चुकत नाही," ती हळू म्हणाली. "मी शिकवलाय तो हात. ज्योत जिवंत होती, आंधळ्यालाही दिसली असती."

मी विचारलं, "मग हे सगळं ओरडणं कशाला?"

"मेत्तोला ऐकू जातंय ना? जाऊ दे. आणि तिला बोलू नकोस मला कळलंय म्हणून. आईचा तुंबा तिनं जाणूनबुजून फोडला, हे मला माहीत आहे असं कळलं तर रडेल ती. उगीच रडवायचं कशाला?"

तिनं पान टाकून दिलं, बोटं विजारीला पुसली आणि घराकडे तोंड करून ओरडली, "अगं ए! आजचा तुंबा तरी धड ठेवणार आहेस का?"

आतून लगेच आवाज आला, "ठेवते हो! त्या दिवशी चुकलंच माझं!"